बंबासुराची निकाली कुस्ती

माझ्या खलनायकाला हरवण्यासाठी मी एक किरण लिहिला होता. नायकाने मनगट वर करायचं, त्यातून निळा किरण निघायचा आणि खलनायक पाठीवर आडवा. कॉमिकच्या पानावर हे दोन चौकटींत उरकतं आणि वाचक पान उलटतो. तेच मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, भर रस्त्यावर करून दाखवायला निघाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खलनायकाचं नाव बंबासूर. मी स्नेहल, कॉमिक लिहिते आणि चित्रंही मीच काढते. माझा नायक विजयवीर हा गोरागोमटा, सदाचारी आणि खरं सांगायचं तर भयंकर कंटाळवाणा इसम आहे. लोक अंक घेतात ते बंबासुरासाठी. हा मूळचा प्राध्यापक हणमंत बंबवाडे. त्याच्या शोधांना सगळ्या कॉलेजांनी हसून वाटेला लावलं, तेव्हा त्याने न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबांचं चिलखत ठोकलं, पोटात विस्तव पेटवला, हातापायांत वाफ सोडली आणि जगाला धडा शिकवायला बाहेर पडला. मला तो फार आवडतो. चांगलं वागणं काय, कुणालाही जमतं. स्वतःच्या पोटात जाळ घेऊन चालायला काळीज लागतं.

मी आजऱ्याची, पेठेत भाड्याने राहते. यंदा गणपतीत आमच्या मंडळाने सजीव देखाव्यासाठी बंबासूर निवडला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. सजीव देखावा म्हणजे मूर्तींचा नाही, जिवंत माणसांचा. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ होतो, गर्दी पुढे सरकते, नवी येते, पुन्हा तोच खेळ. मंडळ तालमीचं, त्यामुळे नट घरचेच. विजयवीर म्हणून पृथ्वीराज, कारण तो देखणा. बंबासूर म्हणून धैर्यशील, कारण तालमीतला सगळ्यात दांडगा पैलवान तोच, आणि ते चिलखत अंगावर घेऊन उभं राहणं दुसऱ्या कुणाला झेपलंच नसतं.

चिलखत केलं उदयसिंहने. उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप आहे. मी त्याला माझं चित्र दाखवलं आणि म्हटलं, पुठ्ठ्याचं कर, वर सोनेरी कागद लाव. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या खानदानाचा उद्धार केला होता.

"पुठ्ठा?" तो म्हणाला. "ताई, तुमचा प्राध्यापक पुठ्ठ्यात फिरतोय व्हय?"

मग त्याने ते खरंच बनवलं. मोडीतून तांब्याचे बंब आणले, कापले, ठोकले, वाकवले. आत लोखंडी सांगाडा, पाठीवर ट्रकची बॅटरी, खांद्यांत, कोपरांत आणि पंजांत मोटारी. पोटात विस्तवाऐवजी लाल दिवा, डोक्यावरच्या नळीतून नाटकातला धूर. चाचणीच्या दिवशी धैर्यशील आत शिरला, उदयसिंहने खटका ओढला आणि बंबासुराने कोपऱ्यातली मोटरसायकल उचलून छातीशी धरली. कारागीर हातातली कामं टाकून शिट्ट्या मारायला लागले. मी तर लहान पोरीसारखी नाचले. माझा शाईचा माणूस समोर उभा होता, धूर सोडत होता आणि हेल्मेटमधून विचारत होता, "ताई, गाडी कुठं ठेवू?"

पहिल्या संध्याकाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बंबासूर स्टेजवर आला तेव्हा फळ्या करकरल्या आणि पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. त्याने लोखंडी पहार वाकवून गर्दीला दाखवली. "नाद खुळा" अशी आरोळी उठली, मोबाईल वर झाले, मी पडद्याआड आनंदाने स्वतःचीच नखं खात होते. मग पृथ्वीराज निळी केप उडवत आला, त्याने मनगट वर केलं, किरण चमकला आणि धैर्यशील ठरल्याप्रमाणे धाडकन पाठीवर पडला.

एकही टाळी वाजली नाही.

समोरच्या खुर्चीत आकाराम वस्ताद बसले होते. आमच्या तालमीचे वस्ताद. पेठेतले बाप आणि पोरं दोघंही त्यांच्याच हाताखाली घडले. त्यांनी शेजारच्याला विचारलं, आणि त्यांचं हळू बोलणंही चौकापर्यंत जातं, "डाव कुठला मारला त्यानं?"

"किरण मारला की, वस्ताद."

"किरण म्हंजे? हात लावला न्हाय, पाय लावला न्हाय, आन् एवढा गडी पाठीवर?" वस्ताद खुर्चीतून उठले. "नुरा हाय."

नुरा म्हणजे आधी ठरवून हरलेली कुस्ती. कोल्हापुरात माणसाला तोंडावर शिव्या द्या, संध्याकाळी तो तुमच्याबरोबर चहा पिईल. पैलवानाला नुरा म्हणा, तो जगातून उठला. वस्ताद निघून गेले आणि गर्दीने तो शब्द उचलला. नुरा, नुरा. धैर्यशील उठून उभा राहिला तेव्हा एवढं मोठं तांब्याचं धूड मान खाली घालून उभं होतं. अध्यक्ष बाळासोंनी माईकवरून तांत्रिक बिघाड जाहीर केला आणि उरलेले खेळ बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये पोचले तर धैर्यशील चहाचा कप हातात धरून बसला होता. चहावर साय आली होती. तो नेहमीप्रमाणे पहाटे तालमीत गेला होता आणि दारात वस्ताद उभे होते.

"म्हणाले, नुरा करणाऱ्याचं मातीत काम न्हाय," धैर्यशील म्हणाला. "मी म्हटलं, वस्ताद, नाटक हुतं ते. तर म्हणाले, पाठ तुझीच हुती न्हवं?"

बाप गेल्यावर या पोराला वस्तादांनीच वाढवलेलं. तालमीतच झोपला, तालमीतच जेवला, शाळेच्या दाखल्यावर सहीसुद्धा वस्तादांचीच. त्याच्यासाठी तालीम बंद म्हणजे घरच बंद. मला वस्तादांचा इतका राग आला, की मी तशीच उठले.

"मी बोलते त्यांच्याशी. काय माणूस आहे का कोण?"

"बसा ताई. त्यांचं बराबर हाय." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता. "मी आज पडणार न्हाय. कुणीतरी पाडलं, तर पडीन."

बाळासो तोवर आले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे राक्षस जिंकणार? गणपतीफुडं? लोकं वर्गणी देतील व्हय फुडल्या साली? उदयसिंह, तू एक काम कर. एखादा बोल्ट ढिला ठेव. पृथ्वीराजनं ढकलला की आपोआप पडंल."

"कच्चं काम माझ्या दुकानातनं भाईर जात न्हाय," उदयसिंह म्हणाला आणि विषय संपला तसा पान्हा उचलून कामाला लागला.

एक पडायला तयार नाही, एक पाडू द्यायला तयार नाही आणि एकाला पाडल्याशिवाय चैन नाही. माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की मी खरं बोलते, हा मला शापच आहे.

"मग खरीच लावा," मी म्हटलं. "निकाली. पाठ टेकेपर्यंत. ज्याच्यात दम असेल त्याने यावं आणि बंबासुराला पाडावं. पाडेल तो विजयवीर."

हे ऐकताच, बाळासोंच्या मागोमाग आलेल्या पृथ्वीराजचं बोट दुखायला लागलं.

"आन् कुणीच न्हाय पाडला तर?" बाळासोंनी विचारलं.

"तर बंबासूर जिंकला. मी कॉमिकमध्येही तसंच लिहीन." बोलले मात्र ठणकावून. स्वतःच्या गोष्टीचा शेवट मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात देत होते.

निकाली म्हटल्यावर फळ्यांवर भागत नाही, माती लागते, आणि माती वस्तादांकडे. मी आणि बाळासो तालमीत गेलो. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते बंब घालूनच लढणार?"

"घालूनच," मी म्हटलं.

"आन् आतनं सोडून देणार न्हाय?"

"नाही."

ते उठून हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरले आणि मूठभर माती हातात घेऊन चोळली. "माती न्या," शेवटी म्हणाले. "मी येणार बघाय. मातीत खोटं केलंसा तर कायमचं दार बंद. त्याला सांगा तसं."

दुपारपर्यंत बातमी सगळ्या पेठांत गेली होती. कोल्हापुरात कुस्ती आहे असं नुसतं कुजबुजलं तरी गाव लोटतं, इथे तर बंबाशी कुस्ती होती. संध्याकाळी स्टेज हलवून रस्त्यात तांबडी माती पसरली. लोक गच्च्यांवर, गॅलऱ्यांत, उभ्या टेम्पोंच्या टपांवर. वस्ताद पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. धैर्यशील समोरून गेला तरी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

उदयसिंहने माईकवरून नियम सांगितले. मारामारी नाही, फक्त कुस्ती. मग त्याने हातातली वायर वर धरली, तिच्या टोकाला लाल बटन होतं. "पंजात मोटार हाय. धरलं की मोटारच धरून ठेवती. भ्यायचं न्हाय. काय वाकडं झालं तर मी ह्ये बटन दाबीन. करंट गेला की पंजाला धरवत न्हाय, आपोआप सैल पडतोय."

पहिला गडी शड्डू ठोकत आला. बंबासुराने त्याला काखेत हात घालून उचलला आणि पिशवी ठेवावी तसा कडेला ठेवला. दुसऱ्याने भोवती गिरक्या घेतल्या, दमला, पाया पडून गेला. तिसऱ्याने पायाला मिठी मारली आणि लोंबकळत राहिला. गर्दी हसून हसून लोळायची बाकी होती. पोरं बंबासूर, बंबासूर ओरडायला लागली, मग बाया ओरडायला लागल्या, मग माझ्या लक्षात आलं की सगळ्यात मोठा आवाज माझाच आहे. बाळासो घाम पुसत गणपतीकडे पाहत होते. देवाच्या दारात अख्खी पेठ राक्षसाच्या बाजूने झाली होती.

तेवढ्यात मागून वाट काढत एक माणूस पुढे आला. चाळिशीचा, खांद्यावर लहान मुलगी, मागे पिशवी घेतलेली बायको. गणपती बघायला आलेलं साधं कुटुंब, फक्त त्याचे कान कुस्तीत मोडलेले होते.

"पावणं, कुठलं?" बाळासोंनी विचारलं.

"बिद्रीकडचा. धोंडीराम." त्याने मुलीला खाली उतरवलं, शर्ट काढून बायकोकडे दिला. "लई वर्सं झाली मातीत उतरून. बघतो जरा."

"लवकर आटपा," बायको म्हणाली. "शेवटची गाडी हाय."

"आलोच."

नायक म्हटल्यावर केप हवीच, असा बाळासोंचा हट्ट. पृथ्वीराजची केप धोंडीरामच्या गळ्याला पुरेना, म्हणून ती त्याने कमरेला करकचून बांधली. खाली वाकून माती कपाळाला लावली, आणि सलामी झाली.

पहिल्याच झोंबीत बंबासुराने त्याच्या मानेवर हात टाकला आणि धोंडीरामचे गुडघे वाकले. पण तो त्या हाताखालून निसटला. ताकदीला ताकद लावलीच नाही त्याने. तो डावीकडे फिरला, उजवीकडे फिरला, बंबासुराला आपल्याभोवती वळायला लावलं. मग पायाला झडप घातली. तांब्यावर खांदा आदळल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. बंबासूर हलला नाही.

"पाणी तापलं का बघा, पावणं," कुणीतरी ओरडलं.

आणि बंबासुराने त्याला मागून कवेत घेतला. मोटारी कुरकुरल्या, धोंडीराम हवेत. आता फक्त आपटायचं होतं. "आपट त्याला," मी बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि शेजारी त्याची मुलगी "पप्पा" म्हणून रडायला लागली. मला लाज वाटली, पण ओरडायची थांबले असं नाही. हवेतल्या हवेत धोंडीरामने आपला पाय बंबासुराच्या गुडघ्यामागे आतून अडकवला. बंबासुराला फेकता येईना, धरवेना. एक पाऊल चुकलं, तोल गेला आणि दोघंही मातीत कोसळले. खाली बंबासूर, वर धोंडीराम.

पाठ टेकली नव्हती. धैर्यशीलने मान आणि टाचा मातीत रोवून अंगाची कमान केली होती. एक खांदा जमिनीला लागायचा बाकी होता. त्याच्या उजव्या पंजाने धोंडीरामच्या कमरेची केप पकडली होती आणि त्या आधाराने तो त्याला आपल्यावरून पलीकडे उलटवू पाहत होता. हात सुटला की खेळ खलास, हे आंधळ्यालाही दिसत होतं. मोटारी किंचाळत होत्या. धोंडीरामच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. तो इंचाइंचाने उचलला जात होता. एवढ्यात चिलखताच्या खांद्यातून धूर निघाला, आणि तो नाटकातला नव्हता.

मी उदयसिंहकडे पाहिलं. त्याचं चिलखत जिंकत होतं. अजून थोडा वेळ, की गावभर त्याचं नाव झालं असतं. पण आत धैर्यशील होता. उदयसिंहने तोंड फिरवलं आणि बटन दाबलं.

पोटातला लाल दिवा विझला. मोटारी थांबल्या. गर्दीतून एक मोठा सुस्कारा निघाला, कारण आता काय, संपलंच. धोंडीरामलाही तसंच वाटलं असावं, त्याने सगळं वजन खाली टाकलं.

कमान खाली आली नाही.

बंद पडलेलं लोखंड, तांबं, ट्रकची बॅटरी आणि वरती एक अख्खा पैलवान, हे सगळं आता एकट्या धैर्यशीलच्या मानेवर होतं. कुणी ओरडत नव्हतं. हेल्मेटमधून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. माझे दोन्ही हात तोंडावर गेले होते, आणि मला कळेना मला काय हवंय. हा जिंकावा, की हा थांबावा. वस्तादांची हाताची घडी सुटली होती. कमान थरथरली, थोडी खचली, पुन्हा वर आली. मग हळूहळू, अगदी हळूहळू, तो खांदा मातीला लागला.

काय आवाज झाला म्हणून सांगू. गच्च्या दणाणल्या, फेटे उडाले, हलगीवाल्याने हलगी घेतली. धोंडीराम उठायला गेला आणि गपकन परत खाली बसला. त्याची केप अजून पंजात होती.

"सोडा की पैलवान," तो धापा टाकत हसला. "गाडी हाय माझी."

पंजा उघडला नाही. बाळासोंनी ओढून पाहिलं, जमलं नाही. तेव्हा आकाराम वस्ताद मातीत उतरले. त्यांनी खाली बसून तांब्याच्या त्या बोटांना हात लावला, एकेक बोट सोडवायचा प्रयत्न केला. एकही हललं नाही.

"करंट हाय ह्यात?" त्यांनी उदयसिंहला विचारलं.

"न्हाय वस्ताद. मगाशीच तोडला."

"मग ह्ये धरलंय कुणी?"

उदयसिंहने हेल्मेटकडे बोट दाखवलं. वस्ताद त्या मुठीकडे बघत राहिले. मग त्यांनी हेल्मेटवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले, पण मी शेजारीच होते, मला ऐकू आलं.

"सोड आता, बाळा. बघितलं मी."

मूठ उघडली. आम्ही हेल्मेट काढलं. धैर्यशील रडत होता, घामाने आणि रडण्याने त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. वस्तादांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या धोतराच्या सोग्याने त्याचं तोंड पुसलं. मीही मातीत बसून हमसाहमशी रडले. माझा बंबासूर हरला होता आणि मला इतका आनंद त्याच्या कुठल्याच विजयाने झाला नव्हता.

"पहाटे लवकर ये," वस्ताद त्याला म्हणाले. "हौदा उकरायचा हाय."